कटलरीचं दुकान



आज एक शब्द घेऊ या. 'कटलरी'. इंग्रजी शब्दकोशात तो काढून पाहा. अर्थ सापडेल सुऱ्या, काटे आणि चमचे. आता वही मिटा, पायांत चपला घाला आणि आपल्या नागपुरातल्या इतवारीत जा, नाहीतर महालात बडकस चौकाकडे वळा. भेटेल त्याला विचारा, "भाऊ, इथं कटलरीचं दुकान कुठं आहे?" तो तुम्हांला ज्या दुकानासमोर नेऊन उभं करील, तिथं एकही काटा-चमचा नसला तरी नवल वाटून घेऊ नका!

तिथं काय असेल? टिकल्यांची पाकिटं, रिबिनींची रिळं, फण्या, कंगवे, आरसे, बांगड्या, पिना, बटणं, हुक, सुया, दोऱ्याच्या गुंड्या, नाड्या, इलास्टिक, फुगे, शिट्ट्या, भोवरे, कंचे, बेगडी कागद, झिरमिळ्या, कुलपं, टॉर्च आणि एका कोपऱ्यात धूळ खात पडलेली एक प्लास्टिकची बाहुली. शब्द विलायतेहून आला खरा, पण मराठीत आल्यावर त्यानं आपला संसार किती वाढवला पाहा! काटे-चमचे मागेच राहिले आणि घरातली प्रत्येक लहानसहान वस्तू त्याच्या पदरात येऊन पडली.

या दुकानाची एक खूण आहे. ते आतून नेहमीच लहान असतं आणि तरीही त्यात सगळं मावतं. समोर काचेची शोकेस, मागे छतापर्यंत लाकडी फळ्या, फळ्यांवर बरण्या आणि पुठ्ठ्याचे खोके. वरून माळा, चेंडूंच्या जाळ्या आणि पिशव्या लोंबत असतात. त्या काढायला दुकानदाराकडे आकडी लावलेली काठी असते. कोणत्या खोक्यात काय आहे, हे कुठंही लिहिलेलं नसतं. ते त्याच्या डोक्यात असतं. तुम्ही शाळेच्या शर्टाचं एक पांढरं बटण मागा. तो न बघता हात मागे नेईल आणि नेमका तोच खोका काढील.

आणि बरं का, तो तुम्हांला आत येताना पाहून काय म्हणेल? "काय पाहिजे बे पोट्ट्या?" नागपूरबाहेरच्या माणसाला वाटेल, हा रागावला की काय! पण आपल्याला ठाऊक आहे, की हे बोलणं मायेचं आहे. मग तुम्ही एखाद्या भोवऱ्याकडे बोट दाखवता आणि विचारता, "हा कितीले देता, भाऊ?" झालं! त्या क्षणापासून तुम्ही कोणाची मुलं-बिलं नसता. तुम्ही गिऱ्हाईक असता. खिशात पाच रुपये असोत की पन्नास, समोरच्या मोठ्या माणसाला तुमच्याशी बोलावं लागतं, वस्तू काढून दाखवावी लागते, भाव सांगावा लागतो.

आता प्रश्न असा, की मुलांच्या खिशात हे पैसे येतात कुठून? इथं आपल्या विदर्भाची एक गंमत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण तान्हा पोळा करतो. इतर महाराष्ट्रातल्या तुमच्या मावसभावंडांना तो बहुधा ठाऊकच नसेल. मोठ्यांच्या पोळ्यात खरे बैल, तर तान्ह्या पोळ्यात चाकांवरचे लाकडी बैल. नागपुरात ही प्रथा भोसल्यांच्या काळात, दुसऱ्या रघुजीराजांनी सुरू केली, असं सांगतात. त्या लाकडी बैलाला सजवायला बेगड, रिबिनी, घुंगरं आणि माळा लागतात. त्या मिळतात कटलरीच्या दुकानात. मग बैल ओढत घरोघरी जायचं. घरची मंडळी मुलांच्या हातावर पैसे ठेवतात, त्याला आपण 'बोजारा' म्हणतो. आणि हा बोजारा संध्याकाळी कुठं जातो? पुन्हा त्याच दुकानात! बघा, कशी साखळी आहे ती.

पाच सेंटांची कल्पना

असं दुकान फक्त आपल्याकडेच असतं, असं मात्र समजू नका. जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेत, याचा एक श्रीमंत चुलतभाऊ होऊन गेला. त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

फ्रँक विनफील्ड वुलवर्थ हा १८५२ साली जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा. तो वॉटरटाउन गावातल्या एका दुकानात नोकरीला होता. तेव्हाच्या दुकानांत माल काउंटरच्या मागे असे. गिऱ्हाइकानं मागायचं, नोकरानं काढून दाखवायचं. १८७८ मध्ये त्या दुकानात एक प्रयोग झाला. एका टेबलावर बऱ्याच किरकोळ वस्तू मांडल्या आणि पाटी लावली, की यातली कोणतीही वस्तू पाच सेंटांना. टेबल बघता बघता रिकामं झालं!

वुलवर्थच्या डोक्यात दिवा पेटला. अख्खं दुकानच असं का काढू नये? २२ फेब्रुवारी १८७९ रोजी त्यानं यूटिका गावी दुकान उघडलं. ते काही आठवड्यांतच बंद पडलं. पण गडी हटला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये त्यानं लँकेस्टर गावी दुसरं दुकान उघडलं आणि ते चाललं. पुढे पाच सेंटांच्या जोडीला दहा सेंटांच्या वस्तू आल्या. दहा सेंटांच्या नाण्याला तिकडे 'डाइम' म्हणतात, म्हणून या दुकानांचं नाव पडलं 'फाइव्ह अँड डाइम'. १९१३ साली वुलवर्थनं न्यूयॉर्कमध्ये ७९२ फूट उंच इमारत बांधली. १९३० पर्यंत ती जगातली सर्वांत उंच इमारत होती. तिच्यासाठी त्यानं १ कोटी ३५ लाख डॉलर मोजले, तेही रोख! पाच-पाच, दहा-दहा सेंट जमवून गगनाला भिडणं म्हणतात ते हेच.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या स्वस्तात विकून त्याला नफा कसा होई? आपल्याच बाजारातल्या उदाहरणानं समजून घेऊ. सीताबर्डीच्या, म्हणजे आपल्या बर्डीच्या बाजारात किंवा सक्करदऱ्याच्या बुधवारीत तुम्ही हातगाडी पाहिली असेल. गाडीवाला ओरडत असतो, "हर माल दस रुपया!" समजा, त्याच्या गाडीवर तीन वस्तू आहेत. कंगवा त्याला ५ रुपयांना पडला, गाळणी ७ रुपयांना आणि डबी ९ रुपयांना. डबीवर त्याला एकच रुपया सुटतो, पण डबी पाहून गिऱ्हाईक थांबतं. "अरे वा, एवढी डबी दहा रुपयांत!" थांबलेलं गिऱ्हाईक डबीबरोबर कंगवाही घेतं. दोन वस्तूंवर नफा झाला ६ रुपये. शिवाय भावावरून घासाघीस नाही, त्यामुळे वेळ वाचला आणि तेवढ्या वेळात आणखी चार गिऱ्हाइकं झाली. वुलवर्थची युक्ती हीच होती. फरक एवढाच, की त्याच्याकडे शेकडो दुकानं होती आणि तो कारखान्यांकडून एकदम प्रचंड माल उचलत असे, म्हणून तो त्याला आणखी स्वस्त पडे.

आण्याचे सहा पैसे

हातगाडीचा भाव ठरलेला, पण कटलरीच्या दुकानात मात्र हिशेब डोक्यानं करावा लागे. आजी-आजोबांना विचारा. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १०० पैसे नव्हते. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पया. म्हणजे रुपयाच्या १९२ पया! 'पै-पै जोडून' संसार करणं म्हणजे काय, ते आता कळलं ना?

त्या दिवशी दशमान पद्धत आली आणि रुपयाचे १०० 'नवे पैसे' झाले. आता गणित करा. १०० ला १६ नं भागलं, तर एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात. पण पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून सरकारनं तक्ता दिला : १ आणा म्हणजे ६ नवे पैसे, २ आणे म्हणजे १२, ३ आणे म्हणजे १९ आणि ४ आणे म्हणजे २५. आता हुशार मुलानं काय करावं? एकेका आण्याच्या चार वस्तू एकदम घेतल्या, तर २५ पैसे. त्याच वस्तू एकेक करून चार खेपांत घेतल्या, तर सहा चोक चोवीस! एक पैसा वाचला. दुकानदाराचं डोकं मात्र नक्कीच उठलं असेल.

'नवे पैसे' या नावातला 'नवे' १९६४ मध्ये गळून पडला. पुढे ३ पैशांचं, २० पैशांचं अशी नाणी आली आणि गेली. २०११ च्या जूनअखेर २५ पैसे व त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली. पण शब्द किती चिवट असतात! 'सोळा आणे खरं' असं आपण अजूनही म्हणतोच की.

गोड तेवढंच आठवायचं नाही

जुन्या दुकानांविषयी बोलताना मोठी माणसं हळवी होतात. "काय दिवस होते ते!" असं म्हणतात. दिवस चांगले होतेच, पण सगळं काही चांगलं नव्हतं, हेही तुम्हांला सांगायला हवं.

पहिली गोष्ट भावाची. वस्तूवर किंमत छापलेली नसे. ज्याला घासाघीस येते त्याला एक भाव आणि भिडस्त मुलाला दुसरा. घेतलेली वस्तू फुटकी निघाली, तर परत घ्यायची की नाही, हे दुकानदाराच्या मर्जीवर. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. २४ डिसेंबरला आपण राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो, तो त्याचीच आठवण म्हणून. २०१९ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. पाकिटावर सर्व करांसह जास्तीत जास्त किंमत छापण्याची सक्तीही पुढे आली. लक्षात ठेवा, ही 'जास्तीत जास्त' किंमत आहे. दुकानदार त्याहून कमी घेऊ शकतो. जास्त घेता येत नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. दुकानात कोणाला येऊ द्यायचं?

वुलवर्थच्या दुकानांत खाण्यापिण्यासाठी एक लांबलचक काउंटर असे. १ फेब्रुवारी १९६० रोजी अमेरिकेतल्या ग्रीन्सबोरो शहरातल्या अशा दुकानात कॉलेजात शिकणारे चार कृष्णवर्णीय तरुण गेले. त्यांनी आधी टूथपेस्टसारख्या काही वस्तू विकत घेतल्या. दुकानानं त्यांचे पैसे मुकाट्यानं घेतले, पावतीही दिली. मग ते खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. उत्तर आलं, "तुम्हांला इथं मिळणार नाही." कारण तो काउंटर फक्त गोऱ्यांसाठी होता. एकाच छपराखाली एका काउंटरवर त्यांचा पैसा चालत होता आणि दुसऱ्यावर माणूस चालत नव्हता! ते चौघे शांतपणे दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी वीसहून जास्त जण आले. मग शेकडो. अखेर जुलै महिन्यात दुकानाला तो नियम सोडावा लागला.

हे फक्त तिकडेच होतं का हो? नाही. आपल्याकडेही अनेक गावांत काही माणसांना दुकानाच्या पायरीवर चढू देत नसत. पैसे दुरून टाकायचे, वस्तू दुरून घ्यायची. म्हणूनच आपल्या राज्यघटनेत चक्क दुकानाचा उल्लेख आहे. कलम १५ सांगतं, की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला दुकानात प्रवेश नाकारता येणार नाही. २६ जानेवारी १९५० पासून हे लागू आहे. ज्यांच्या नेतृत्वाखाली घटनेचा मसुदा तयार झाला, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्याच नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दीक्षाभूमीला तुम्ही गेला असालच. पुढच्या वेळी जाल, तेव्हा हेही आठवा : कोणत्याही दुकानात ताठ मानेनं शिरून "हे कितीले?" असं विचारणं, हा हक्क आहे, आणि तो माणसांनी लढून मिळवला आहे.

दुकानं का मिटतात?

आता वुलवर्थचं पुढे काय झालं ते सांगतो. गावाबाहेर मोठमोठी दुकानं निघाली, लोक मोटारींतून तिकडे जाऊ लागले. १९९७ मध्ये अमेरिकेतली वुलवर्थची उरलेली दुकानं बंद झाली. इंग्लंडमधल्या वुलवर्थची शेवटची दुकानं जानेवारी २००९ मध्ये मिटली. एवढा मोठा वटवृक्ष, तोही पडला.

आपल्याकडेही बाजार बदलला. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कितीतरी घरांची चूल या मिलच्या पगारावर पेटायची आणि पगार झाला, की त्या घरांतली माणसं बाजारात यायची. २००२ मध्ये ती मिल बंद झाली आणि तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. मॉल म्हणजे तरी कायमचे का? २००१ मध्ये निघालेलं 'बिग बझार' देशभर पसरलं आणि २०२२ मध्ये ते नाव पाट्यांवरून उतरलं. आता तर फोनवर बोट ठेवलं, की वस्तू दारात हजर. खिशात चिल्लर लागत नाही, जिभेला शब्द लागत नाही.

मग कटलरीचं दुकान गेलं तर बिघडलं काय? थोडं बिघडतं. सांगतो कसं.

शर्टाचं एक बटण तुटलं, तर कटलरीवाला एकच बटण देतो. फोनवर मागवाल, तर बरेचदा डझनभरांचं पाकीट येतं. सूटकेसची किल्ली, झबल्याला वीतभर इलास्टिक, पैंजणाची एक कडी, कुकरची शिट्टी, या सुट्या वस्तू मोठ्या दुकानांना परवडत नाहीत. सुटी वस्तू मिळाली नाही, की अख्खी जुनी वस्तू फेकली जाते. म्हणजे हे लहानसं दुकान खरं तर घरातल्या जुन्या वस्तूंचा दवाखाना आहे. दवाखाना बंद झाला, तर रोगी जगणार कसा?

आणि दुसरं, निवड करायला शिकणं. हातात वीस रुपये आहेत, भोवराही हवा आणि पतंगही हवी, दोन्ही बसत नाही. तिथं उभं राहून, वस्तू हातात घेऊन, उलटीसुलटी करून, एक ठेवून एक उचलायची. घरी गेल्यावर ती मोडली, तर हळहळायचं आणि पुढच्या वेळी नीट पारखून घ्यायची. ही शाळा आहे, मित्रांनो, आणि तिची फी फक्त वीस रुपये आहे.

आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी. मुलांना खेळणी आणून देणं सोपं आहे. त्यापेक्षा महिन्यातून एकदा त्यांच्या हातावर थोडे पैसे, तेही नोटा-नाण्यांचे, ठेवा आणि गल्लीतल्या दुकानात पाठवा. फार तर तुम्ही पायरीवर उभे राहा, पण मध्ये बोलू नका. त्यांनी चुकीची वस्तू आणली, तरी आणू द्या. वीस रुपयांची चूक आज झालेली बरी. मोठेपणी ती वीस हजारांना पडते.

या आठवड्याचा उद्योग

एक वही आणि पेन्सिल घ्या आणि घराजवळच्या कटलरीच्या किंवा जनरल स्टोअरच्या दुकानात जा. दुपारी जा, तेव्हा गर्दी कमी असते. दुकानदाराला आधी नीट सांगा, की "भाऊ, आम्हांला शाळेसारखा अभ्यास करायचा आहे." काकू असतील, तर त्यांना तसं सांगा. मग ही माहिती लिहा :

१. दुकानातली सर्वांत स्वस्त वस्तू कोणती? तिची किंमत किती?

२. कोणत्या पाच वस्तू सुट्या मिळतात?

३. दुकान कोणत्या साली सुरू झालं? तेव्हा सर्वांत जास्त काय खपायचं आणि आता काय खपतं?

४. दुकानदारांनी पूर्वी ठेवलेली, पण आता मिळतच नसलेली एक वस्तू कोणती?

घरी येऊन हीच यादी आजी-आजोबांना वाचून दाखवा. चौथ्या प्रश्नाचं उत्तर ऐकल्यावर त्यांचा चेहरा बघा. बहुधा तुम्हांला त्या संध्याकाळी एक गोष्ट फुकट मिळेल.

आणि हो, एवढा वेळ त्या दुकानदाराचा घेतलात, तर निघताना निदान एक बटण तरी विकत घ्या बरं का!

जाता जाता एक कोडं. १९५७ सालच्या मे महिन्यात एका मुलाकडे बरोबर ५० नवे पैसे होते. दुकानात एक कंचा एका आण्याला. वरचा सरकारी तक्ता पाहून सांगा : एकेक करून घेतले, तर त्याला किती कंचे मिळतील आणि हातात किती पैसे उरतील? आणि चार-चार एकदम घेतले, तर? उत्तर काढा आणि बाबांनाही काढायला लावा. कॅल्क्युलेटर न घेता, हं!